जुगारी म्हटलं की पुरुषच का आठवतो?

शोळिंगनल्लूरच्या सिग्नलपासून आत, आयटी पार्कच्या मागच्या गल्लीत आमचं पीजी आहे. एका खोलीत तिघी. माझं पीएचडीचं क्षेत्रकार्य या पट्ट्यातल्या कामगार स्त्रियांवर आहे, म्हणून मी इथे राहते. शेजारच्या कॉटवर मराठवाड्यातली एक मुलगी होती. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणते. घरातली पहिली पदवीधर. रात्रपाळीत कस्टमर सपोर्टचं काम. पगारातला निम्म्याहून जास्त पैसा गावी जायचा: भावाची फी, आईची औषधं, घराच्या स्लॅबसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता. हे गणित या स्तंभाच्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही.

२०२५ च्या सुरुवातीला ताईच्या कानातले दिसेनासे झाले. आईने पदवीच्या वेळी केलेले. "पॉलिशला दिलेत," म्हणाली. मग ती एक वेळच जेवायला लागली. डोकं दुखतं म्हणून सुट्टीच्या दिवशी पांघरूण घेऊन पडून राहायची. मी समाजशास्त्र शिकलेली, मुलाखती घेणं हे माझं काम. तरी माझ्या मनात पहिली शंका काय आली? कुणीतरी पुरुष असणार. कुणी फसवतंय, कुणी पैसे उकळतंय. एका पहाटे मी विचारलंच, "ताई, कुणाला पैसे देतेस का गं?"

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "कुणी नाही गं. मीच आहे. मी रमी खेळते."

दोन लाख चाळीस हजार रुपये. अर्धे बचतीतले, अर्धे कर्ज देणाऱ्या ॲपचे आणि मैत्रिणींचे. तिच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून हे लिहिते आहे. पण लेख ताईवर नाही. तिच्या अडचणीमागे मी पुरुष शोधत राहिले, ही चूक माझ्या एकटीची नव्हती. ती आपल्या ग्रंथांत आहे, दवाखान्यांत आहे, संशोधनातही आहे.

पणाला लावणारा आणि पणाला लागलेली

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचं एक सूक्त आहे. त्यात फासे टाकणारा पुरुष आहे, आणि त्याने सोडलेली बायको आणि आई झुरत आहेत. महाभारतात धर्मराज खेळतो आणि द्रौपदी पणाला लागते. जो स्वतःलाच हरला त्याला मला पणाला लावायचा अधिकार होता का, हा तिचा प्रश्न भर सभेत अनुत्तरित राहतो. म्हणजे जुगाराच्या कथेत बाईला दोनच जागा: वाट पाहणारी, नाहीतर मालमत्ता.

आपली परंपरा तपासायलाही आपण कचरू नये. दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तात बुद्ध राजगृहाच्या सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला जुगाराचे सहा तोटे सांगतात. जिंकलं तर वैर वाढतं, हरलं तर गेलेल्या धनाचं दुःख, संपत्तीचा नाश, सभेत शब्दाला किंमत राहत नाही, मित्र तुच्छ लेखतात. सहावा तोटा असा की लग्नासाठी अशा माणसाला कुणी मुलगी देत नाही, कारण तो बायकोला पोसू शकणार नाही. उपदेश आजही सोळा आणे खरा आहे. पण समोर बसलेला श्रोता पुरुष आहे. कमावणारी, घर पोसणारी आणि स्वतःच पैसे हरणारी मुलगी त्या काळी डोळ्यांसमोर असायचं कारण नव्हतं. आज ती शोळिंगनल्लूरच्या पीजीत राहते.

आधुनिक वैद्यकही इथूनच निघालं. 'गॅम्बलर्स ॲनॉनिमस' ही जुगार सोडू पाहणाऱ्यांची संघटना १९५७ साली लॉस एंजेलिसमध्ये दोन पुरुषांच्या भेटीतून सुरू झाली. अमेरिकेत जुगाराच्या रुग्णांना दाखल करून घेणारा पहिला उपचार कार्यक्रम १९७२ मध्ये ओहायोतल्या ब्रेक्सविलच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात डॉ. रॉबर्ट कस्टर यांनी उभा केला. माजी सैनिक म्हणजे जवळजवळ सगळे पुरुष. १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत हा आजार पहिल्यांदा आला, तेव्हा त्याच्या वर्णनावर याच अनुभवाची छाप होती. पुढे निकष सुधारले. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत गुन्हा करून पैसे आणण्याचा निकष काढला गेला, आणि उरलेल्या नऊपैकी वर्षभरात चार लागू झाले तर निदान, असं ठरलं. त्यात दुःखी असताना खेळणं आणि खेळ लपवण्यासाठी खोटं बोलणं हेही आहे. म्हणजे पुस्तिका पूर्ण आंधळी नाही. पण प्रश्न विचारणारा समोर कुणाला पाहतो, यावर उत्तर ठरतं.

भारतात तर बाई प्रश्नावलीपर्यंतही पोचत नाही. जुगारावरचा आपल्याकडचा एक महत्त्वाचा लोकसंख्याधारित अभ्यास गोव्यातला आहे. दीड हजारांहून अधिक लोकांमध्ये सुमारे ४५ टक्के जुगार खेळणारे निघाले. लॉटरी आणि मटका सगळ्यात पुढे. हे सगळेच्या सगळे पुरुष होते. केरळातल्या एर्नाकुळम जिल्ह्यातल्या ५८ महाविद्यालयांच्या अभ्यासात मुलीही होत्या. तिथे साधारण पाचातल्या एका विद्यार्थ्याने कधीतरी जुगार खेळल्याचं सांगितलं आणि त्रासदायक जुगारात मुलांचं प्रमाण जास्त दिसलं. पुरुष जास्त खेळतात, हे जगभरचं चित्र आहे आणि मला ते नाकारायचं नाही. पण 'जास्त' आणि 'फक्त' यांत फरक आहे. शिवाय खेळणं कमी असणं आणि सांगणं कमी असणं यांतही फरक आहे.

नऊ प्रश्न आणि सात गुण

जुगाराची तीव्रता मोजायला जगभर नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात. २००१ मध्ये कॅनडात ती तयार झाली. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण; बेरीज आठ किंवा जास्त झाली तर समस्या गंभीर. ताईसोबत बसून मी ती भरली. बेरीज आली सात.

हे सात कसे आले ते पाहण्यासारखं आहे. 'तुमच्या जुगारावर लोकांनी टीका केली का?' शून्य, कारण कुणाला माहीतच नव्हतं. 'घरात आर्थिक अडचण आली का?' शून्य, कारण गावी जाणारा पैसा तिने एकदाही चुकवला नाही. स्वतःचं एक वेळचं जेवण बंद केलं. 'तब्येतीवर परिणाम झाला का?' शून्य, कारण डोकेदुखी आणि जागरण रात्रपाळीच्या खात्यात गेलं. 'आपल्याला समस्या आहे असं वाटलं का?' शून्य, कारण तिच्या मते ही समस्या नव्हती, तिचा नालायकपणा होता. अपराधी वाटतं का, या प्रश्नाला मात्र तिने विचार न करता उत्तर दिलं.

आता हीच प्रश्नावली अशा पुरुषापुढे ठेवा, ज्याच्या दारात देणेकरी येतात, बायको भांडते, शेजारी बोलतात, पोरांची फी थकते. त्याची बेरीज सहज बारा होईल. ताईपेक्षा तो जास्त आजारी आहे म्हणून नव्हे. त्याचा आजार घरावर आणि गल्लीवर सांडतो, म्हणून. पुरुषाची लक्षणं इतरांना दिसतात. बाई ती स्वतःच्या अंगावर जिरवते. एका मैत्रिणीच्या उदाहरणावरून मी सिद्धांत मांडत नाही, पण मोजपट्टी कुठे लांडी पडते ते या उदाहरणात स्वच्छ दिसतं.

संशोधनात स्त्री-पुरुषांच्या लक्षणांमधला जो फरक वारंवार येतो, तो थोडक्यात असा. पुरुष कमी वयात सुरुवात करतात. खेळांवरच्या पैजा, पत्ते, आणि बहुतेकदा सोबत दारू. स्त्रिया उशिरा सुरुवात करतात. मशीन, बिंगो, लॉटरीसारखे एकटीने खेळायचे प्रकार. कारण सांगतात एकटेपणा आणि ताण, आणि सोबत नैराश्य वा चिंता जास्त आढळते. उपचारांना येणाऱ्या स्त्रियांबद्दल असंही दिसलं की सुरुवात उशिरा होऊनही त्या पुरुषांपेक्षा लवकर गंभीर अवस्थेला पोचतात. त्यावरून बाईचा मेंदूच असा, अशा गप्पाही झाल्या. पण ऑस्ट्रेलियातल्या जुळ्यांच्या अभ्यासात, म्हणजे दवाखान्यात न आलेल्या सर्वसाधारण लोकांत, स्त्रियांचा हा जादा वेग दिसला नाही. याचा एक सरळ अर्थ असा लागतो की वेग शरीरात नसून दवाखान्याच्या दारात आहे. बाई तिथे पोचते तेव्हा फार उशीर झालेला असतो, आणि तेवढी बुडालेली बाईच पोचते.

'पळवाट म्हणून खेळतात' हे वाक्यही मला अपुरं वाटतं. पळायचं कशापासून? नताशा डो शूल या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी लास व्हेगासच्या मशीनवर खेळणाऱ्यांचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यांचं निरीक्षण असं की एका टप्प्यानंतर लोक जिंकण्यासाठी खेळतच नाहीत. खेळ चालू राहावा, बाकी जग बंद व्हावं, एवढंच हवं असतं. ताईने ते पुस्तक वाचलेलं नाही. तरी ती म्हणाली, "नंतर नंतर जिंकायचं नव्हतंच गं. तेवढा वेळ डोकं बंद व्हायचं." तिच्या दिवसात तिच्या मालकीचा दुसरा वेळच नव्हता. आठ तास हेडसेट, तीन जणींची खोली, फोनवर घर. पुरुषाला नाका आहे, टपरी आहे, पत्त्यांचा अड्डा आहे. तिला फोनचा पडदा होता.

'कौशल्य' नावाची जुनी ओळख

या ॲपनी तिला जुगार खेळायला कधीच बोलावलं नाही. त्यांनी तिला 'कौशल्याचा खेळ' खेळायला बोलावलं. हा शब्द कोर्टातून आला आहे. सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली म्हटलं की रमीत कौशल्याचा भाग मोठा आहे. १९९६ मध्ये मद्रास रेस क्लबच्या प्रकरणात घोड्यांच्या शर्यतींनाही तीच सवलत मिळाली. कायद्याची बारीक चर्चा बाजूला ठेवली तरी एक गोष्ट नजरेत भरते. क्लबातली रमी कौशल्य ठरली, गिंडीच्या रेसकोर्सवरचा घोडा कौशल्य ठरला, आणि नाक्यावरचा मटका गुन्हा राहिला. मटका चांगला असं मी म्हणत नाही. पण कुणाचं व्यसन करमणूक आणि कुणाचं व्यसन पोलीस केस, हे या देशात पत्त्यांवरून ठरत नाही.

'कौशल्य' हा शब्द ऐकला की आपल्याला दुसरा शब्द आठवायला हवा: गुणवत्ता. जन्माने मिळालेल्या पत्त्यांना गुणवत्ता म्हणायची चलाखी आपण चांगली ओळखतो. खेळ कौशल्याचा आहे असं एकदा मानलं की हार हा योगायोग उरत नाही, ती तुमची नालायकी होते. पहिल्या पिढीतल्या मुलीला तर शाळेपासून हेच ऐकवलेलं असतं: तुला जमायचं नाही, तू कोट्यातली. ती हरते तेव्हा तिला ॲपचा राग येत नाही, स्वतःची लाज वाटते. आणि लाज घालवायला ती पुन्हा खेळते. हरलेल्या पैशांचा पाठलाग हे जुगाराचं ठळक लक्षण मानतात. ताई पैशांच्या मागे होती तशीच 'मला जमतं' या वाक्याच्याही मागे होती. हे लक्षण कुठल्याच प्रश्नावलीत नाही, आणि जातीचा विचार न करता ते सापडणारही नाही.

सीट्टु

शोळिंगनल्लूर म्हणजे फक्त काचेच्या इमारती नव्हेत. याच तालुक्यात सेम्मंचेरी आहे, जवळच कण्णगी नगर आणि पेरुंबाक्कम. शहराच्या मध्यातल्या वस्त्या उठवून, नदीकाठच्या झोपड्या पाडून इथे आणलेली माणसं. त्यांत दलितांची संख्या मोठी. इथल्या बायका सकाळी त्या काचेच्या इमारतींत झाडलोट करायला जातात. माझं काम त्यांच्यात आहे.

तमिळमध्ये 'सीट्टु' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. पत्ते म्हणजे सीट्टु, आणि भिशी म्हणजेही सीट्टु. वस्तीत पुरुष सीट्टु खेळतो म्हणजे पत्ते कुटतो; बाई सीट्टु लावते म्हणजे महिन्याला पैसे बाजूला टाकते. एकाचा सीट्टु दुसरीच्या सीट्टुवर चालतो. नवऱ्याचं देणं फेडायला बायको भिशी उचलते, बचत गटाचं कर्ज काढते, अडगु कडैत म्हणजे गहाणाच्या दुकानात बांगडी ठेवते. एक अक्का मला म्हणाली, "खेळतो तो, झोप माझी जाते." हिची निद्रानाशाची रात्र, हिचा हप्ता, हिचं खोटं बोलणं कुठे मोजलं जातं? ती जुगारी नाही, म्हणून रुग्ण नाही. ताई जुगारी आहे, पण बाई आहे, म्हणून दिसत नाही. दोन्हीकडून बाई हिशेबाबाहेर.

आणि जिथे दिसते तिथे कशी दिसते? जानेवारी २०२२ मध्ये याच ओएमआर पट्ट्यात एका पुरुषाने बायको-मुलांना मारून स्वतःला संपवलं. त्याच वर्षी जूनमध्ये चेन्नईतल्याच एका विवाहित तरुणीने आत्महत्या केली. दोन्ही बातम्यांत ऑनलाइन रमीतलं कर्ज होतं. त्याने आपल्यासोबत कुटुंबही पणाला लावलं, तिने स्वतःला. दोन घटनांवरून नियम काढू नये, पण पण लावणारा आणि पणाला लागलेली ही जुनी रचना इथे अजून जिवंत आहे. महाराष्ट्रात जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत मोबाइलवर रमी दिसल्याचा व्हिडिओ गाजला. मंत्री माणिकराव कोकाटे यांनी आपण खेळत नव्हतो असा खुलासा केला. त्यांचं कृषी खातं गेलं, क्रीडा खातं मिळालं. पुरुषाच्या हातातल्या रमीवर आपण विनोद करू शकलो. तीच रमी ताईच्या हातात दिसली असती तर गावात विनोद झाला नसता, तिचा फोन काढून घेतला असता आणि स्थळं बघायला सुरुवात झाली असती.

बंदी झाली, पुढे काय?

तमिळनाडूने या प्रश्नावर मोठी लढाई दिली, हे मान्य करायला हवं. राज्यात लॉटरी २००३ पासून बंद आहे. नोव्हेंबर २०२० चा ऑनलाइन रमीवरच्या बंदीचा अध्यादेश, त्यानंतरचा कायदा, ऑगस्ट २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द करणं, मग जून २०२२ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती के. चंद्रू यांची समिती. हेच ते 'जय भीम' चित्रपटातल्या वकिलाचे मूळ पुरुष. समितीत आत्महत्या प्रतिबंधाचं काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञ डॉ. लक्ष्मी विजयकुमारही होत्या. विधेयक राज्यपालांनी परत पाठवलं, विधानसभेने पुन्हा मंजूर केलं, एप्रिल २०२३ मध्ये कायदा झाला; नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने रमी आणि पोकर त्यातून वगळले. दरम्यान त्याच वर्षी ऑक्टोबरपासून केंद्राने या खेळांत लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लावला. म्हणजे ताईच्या हरण्यात सरकारचाही वाटा होता.

फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्याने नियम केला: रात्री बारा ते पहाटे पाच खेळ बंद. चांगला नियम. पण तो दिवसपाळीचा माणूस डोळ्यांसमोर ठेवून केलेला. ताईची गाडी तिला पहाटे चारला सोडायची. ती पाच वाजेपर्यंत जागी बसायची. मग ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा कायदा आला. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद, कौशल्य-नशीब हा भेदच काढला, आणि शिक्षा खेळवणाऱ्याला, खेळणाऱ्याला नाही. सरकारच्याच अंदाजानुसार ४५ कोटी लोक वर्षाला सुमारे २० हजार कोटी रुपये गमावत होते. कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे. माझा या बंदीला पाठिंबा आहे.

पण ॲप बंद झालं त्या आठवड्यात ताई जास्त रडली. डोकं बंद करायची जागा गेली आणि कर्ज तसंच राहिलं. तिला मी एका समुपदेशकाकडे नेलं. त्यांचा पहिला प्रश्न होता, "लग्न ठरलंय का?" दुसरा, "घरात कुणाला व्यसन आहे का?" तेही माझ्यासारखाच पुरुष शोधत होते.

म्हणून मला काही साध्या गोष्टी मागायच्या आहेत. जुगारावरच्या पुढच्या सर्वेक्षणांत स्त्रिया हव्यात, जातीची नोंद हवी, आणि प्रश्न एकांतात, बाई मुलाखतकाराने विचारलेले हवेत. 'जुगार खेळता का?' असं विचारू नका. 'पैसे लावून फोनवर काही खेळता का?' विचारा. 'घरात अडचण आली का?' याच्याबरोबर 'घरात अडचण येऊ नये म्हणून तुम्ही स्वतःचं काय बंद केलं?' हेही विचारा. जुगाऱ्याच्या बायकोला साक्षीदार न मानता तिची स्वतंत्र तपासणी करा. कर्ज देणाऱ्या ॲपच्या वसुलीतून सुटण्यासाठी कायद्याची मदत समुपदेशनाच्या खोलीतच मिळाली पाहिजे, कारण हप्ता डोक्यावर असताना उपदेश टिकत नाही.

आणि काही गोष्टी आपल्या चळवळीकडे मागायच्या आहेत. विहारात, वसतिगृहात, विद्यार्थी संघटनेच्या बैठकीत आपण दारूवर बोलतो. ऑनलाइन जुगारावर बोलू, आणि बोलताना समोर मुलीही बसल्या आहेत हे लक्षात ठेवू. पहिल्या पिढीतल्या कमावत्या मुलीच्या पगाराकडे आख्खं घर डोळे लावून असतं. ती चुकली तर तिला परत यायला वाट ठेवा. मुलगा हरला तर 'पोरगं नादाला लागलं', मुलगी हरली तर 'शिकवून चूक केली', हे आपल्या घरातलंच ब्राह्मणी पितृसत्तेचं भाषांतर आहे. तिचं कार्ड आणि फोन जप्त करणं हा उपचार नव्हे. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, अनेक भाषांत चालतो. तो तिच्या हातात द्या.

ताईने गेल्या दिवाळीत भावाला सांगितलं. आईला अजून नाही. भाऊ दोन दिवस बोलला नाही, मग त्याने त्याच्या पार्ट टाइम कामातले चार हजार पाठवले आणि लिहिलं, "कानातले सोडव आधी." ते अजून सुटलेले नाहीत, अकरा हप्ते बाकी आहेत. पण ती आता दोन वेळा जेवते. मी नऊ प्रश्न तिला परत विचारले. या वेळी बेरीज चौदा आली. तिचा आजार वाढलेला नाही. तिने पहिल्यांदाच खरी उत्तरं दिली.

जय भीम.